एकदाच लिहायचं: घाऊक दुकानाची ऑनलाइन ऑर्डर टॅलीपर्यंत नेताना

सकाळी साडेनऊच्या सुमारास मामांच्या फोनवर मेसेज येतो. ‘एम-१० बाय ४० पाच किलो, वॉशर त्याच मापाचे, भाव परवाचाच धरा.’ पाठवणारा शिरोली एमआयडीसीतला वर्कशॉपवाला. मामांचं नट-बोल्टचं घाऊक दुकान कोल्हापूरच्या उद्यमनगरात. पूर्वी हा मेसेज मामा वहीत उतरवून घेत. वहीवरून गोडाऊनचा मुलगा चिठ्ठी करी. माल काट्यावर चढला की खरं वजन चिठ्ठीवर पडे. चिठ्ठी पाहून अकाउंटंट टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल करी, आणि माल बेळगावला जाणार असेल तर तेच आकडे पुन्हा ई-वे बिलाच्या, म्हणजे माल वाहतुकीसोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाच्या, सरकारी पोर्टलवर. एकच ऑर्डर चार वेळा लिहिली जायची. एखाद्या दिवशी ४० चं ४५ व्हायचं आणि टेम्पो शिरोलीहून भरलेला परत यायचा.

या चार वेळांची एक वेळ कशी करायची, ते इथे सांगतो आहे. त्यासाठी स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून घ्यायची गरज नसते. बाजारात तयार जोडण्या मिळतात आणि घाऊक व्यापारी, डिस्ट्रिब्युटर, छोटा कारखानदार यांचं बहुतेक काम त्यांतून भागतं. प्रोग्रामिंग यायला हवं असंही नाही. आपला धंदा कसा चालतो ते नीट माहीत हवं, आणि ते तुम्हाला माहीत असतंच.

जोडणी म्हणजे काय

दोन सॉफ्टवेअरनी माणसाच्या मध्यस्थीशिवाय एकमेकांना माहिती देणं, इतकाच तिचा अर्थ. तयार जोडण्या तीन प्रकारच्या भेटतात.

काही सॉफ्टवेअरच्या पोटातच असतात. टॅलीप्राइम या टॅलीच्या आवृत्तीतून थेट ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदलेलं बिल) आणि ई-वे बिल निघतं, ती ही जात. काही वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. वेबसाइट वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर आणि हिशेब टॅलीत असेल, तर दोघांच्या मध्ये बसणारा कनेक्टर मिळतो. तिसरा प्रकार मध्यस्थ सेवांचा. झेपियर, मेक, झोहो फ्लो, भोपाळच्या कंपनीचं पॅबली कनेक्ट, किंवा स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं एनएटएन (n8n). ‘इकडे अमुक घडलं की तिकडे तमुक कर’ अशी साखळी यांत माउसने जुळवता येते. निरोप पाठवणं, चौकशी शीटमध्ये उतरवणं अशा हलक्या कामांना हा तिसरा प्रकार उत्तम. बिलं आणि स्टॉक मात्र मी त्यावर कधी सोपवत नाही. तिथे जीएसटी समजणारा कनेक्टरच हवा.

टॅलीबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. साधारणपणे टॅली तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालतं, इंटरनेटवर नाही. बाहेरच्या सॉफ्टवेअरशी ते त्या कॉम्प्युटरच्या एका पोर्टवरून, म्हणजे माहिती ये-जा करायच्या क्रमांकाच्या दारातून, बोलतं. हा पोर्ट बहुधा ९००० असतो आणि टॅलीच्या कनेक्टिव्हिटी सेटिंगमध्ये दिसतो. त्यामुळे टॅली उघडं नसेल, कंपनी लोड केलेली नसेल, किंवा रात्री आठला कॉम्प्युटर बंद केला असेल, तर ऑर्डर टॅलीत उतरत नाही. चांगला कनेक्टर ती रांगेत धरून ठेवतो आणि सकाळी टॅली उघडलं की एकेक आत टाकतो. साधा कनेक्टर ती हरवतो. विकत घेण्याआधीच हे पाहायचं.

आणि एक ठाम सूचना. ‘राउटरमधून ९००० पोर्ट इंटरनेटला उघडा करा’ असं कुणी सुचवलं तर नकार द्या. तसं करणं म्हणजे खतावणी रस्त्यावर मांडणं. नीट बनवलेला कनेक्टर दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम बसवतो. तो आतून बाहेर विचारायला जातो, बाहेरच्याला आत दार उघडावं लागत नाही.

किरकोळीचं दुकान घाऊकाला पुरत नाही

ऑनलाइन दुकानाची बरीचशी तयार सॉफ्टवेअर किरकोळ विक्री डोळ्यांपुढे ठेवून बनलेली आहेत. ग्राहक येतो, वस्तू निवडतो, पैसे भरतो, कुरिअर जातं, संपलं. घाऊकात असं काही होत नाही. प्रत्येक पार्टीचा, म्हणजे माल घेणाऱ्या फर्मचा, भाव वेगळा. पैसे तीस दिवसांनी, कधी साठ. शंभर नग मागवले की आज साठ जातात, उरलेले चाळीस पुढच्या आठवड्यात. पार्टीचा पर्चेस ऑर्डर नंबर बिलावर नसेल तर तिचा स्टोअरवाला माल उतरवूनच घेत नाही. दहा पेट्यांवर एक पेटी स्कीम. आणि भाव अनोळखी माणसाला दिसता कामा नये.

म्हणून वेबसाइटवर आधी या गोष्टी जमतात का ते बघा: लॉगिन केल्याशिवाय भाव न दिसणं, पार्टीनुसार भाव, किमान नगसंख्या, उधारीवर ऑर्डर, पर्चेस ऑर्डर नंबराचा रकाना, आणि जुनी ऑर्डर एका बटणावर पुन्हा मागवणं. शेवटची सोय किरकोळ वाटेल, पण घाऊक पार्टी महिनोनमहिने तोच माल घेते आणि वेबसाइटकडे ती वळते ती बहुतेक या एका बटणापायी. वूकॉमर्ससाठी हे सगळं देणारे घाऊक विक्रीचे प्लगइन मिळतात.

पहिली पायरी: आठवडाभर नोंद ठेवा

काही विकत घेण्याआधी सात दिवस गल्ल्याजवळ एक वही ठेवा. एकच माहिती दुसऱ्यांदा लिहिली किंवा टाइप केली की एक रेघ मारायची आणि बाजूला कुठून कुठे ते लिहायचं. व्हॉट्सॲपवरून वहीत, वहीवरून टॅलीत, टॅलीतून ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर (पावतीवर), बँकेच्या स्टेटमेंटवरून टॅलीत. ‘माझा माल निघाला का’, ‘माझी बाकी किती’ असे फोन आले की वेगळी रेघ.

आठवड्याअखेर जिथे रेघा जास्त, ती जोडणी आधी. मामांकडे माझी अटकळ होती की ऑर्डरच्या नोंदी सर्वांत जास्त निघतील. निघाले बाकी विचारणारे फोन. त्यामुळे आम्ही पहिलं काम उलट्या दिशेचं केलं. टॅलीतलं पार्टीचं लेजर (खातं) आणि बिलाची पीडीएफ पार्टीला तिच्या लॉगिनमध्ये दिसू लागली. ऑर्डर घेणं दोन महिन्यांनी सुरू झालं, आणि तोपर्यंत पार्ट्यांना लॉगिन करायची सवय लागलेली होती.

दुसरी पायरी: माहितीचा मालक ठरवा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. जोडण्या बिघडतात त्या बहुतेक इथे.

भाव, स्टॉक, पार्टीचा पत्ता, जीएसटी क्रमांक, वस्तूचं नाव, फोटो, ऑर्डर, बिल. यांतल्या प्रत्येक गोष्टीचं घर एकच असलं पाहिजे. ती बदलायची तर त्या घरात जाऊन बदलायची, बाकीकडे तिची नक्कल जाईल. कागदावर दोन चौकोन काढा, एक टॅलीचा, एक वेबसाइटचा, आणि प्रत्येक गोष्टीसाठी एक बाण. दोन्ही टोकांचा बाण काढायचा नाही.

आमची वाटणी अशी. स्टॉक टॅलीचा. पार्टी, तिचा जीएसटी क्रमांक, उधारीची मुदत आणि मर्यादा टॅलीची. भाव टॅलीचा, तिथे प्राइस लेव्हल म्हणून सोय आहे, पार्टीला एक लेव्हल लावली की तिला तोच भाव जातो. फोटो, वर्णन, मापांचे तक्ते वेबसाइटचे. ऑर्डर वेबसाइटची, आणि तिचं बिल झालं की पुढचं सगळं टॅलीचं.

दोन टोकांच्या बाणाची किंमत मी एकदा मोजलेली आहे. एका दुकानात कनेक्टर बसवताना भावासाठी ‘दोन्ही बाजूंनी’ हा पर्याय चालू राहिला. अकाउंटंटने शनिवारी टॅलीत नवे भाव भरले. वेबसाइटवर जुने होते, आणि रविवारी तिथे कुणीतरी फोटो बदलले. कनेक्टरला वेबसाइटची नोंद जास्त ताजी दिसली आणि त्याने जुने भाव टॅलीत परत लिहिले. तीन दिवस जुन्या भावाने बिलं गेली. चूक माझी होती, आणि ती निस्तरताना मालकाला प्रत्येक पार्टीला स्वतः फोन करावा लागला. तेव्हापासून बाणांचा कागद हातात नसेल तर मी कनेक्टर चालूच करत नाही.

घर एक असण्याचा फायदा २२ सप्टेंबर २०२५ ला ठळक दिसला. त्या दिवसापासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले आणि बहुतेक माल ५ किंवा १८ टक्क्यांत आला. दर एकाच ठिकाणी असलेल्यांनी ते रात्रीत बदलले. टॅलीत वेगळे, वेबसाइटवर वेगळे आणि कोटेशनच्या एक्सेलमध्ये तिसरेच ठेवणाऱ्यांच्या चुका सापडत राहिल्या.

तिसरी पायरी: मास्टर साफ करा

मास्टर म्हणजे वस्तू आणि पार्ट्यांच्या मूळ नोंदी. कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येत नाही. टॅली वस्तू आणि पार्टी ओळखतं ते नावावरून. वेबसाइटकडून ‘हेक्स बोल्ट एम-१० x ४०’ आलं आणि टॅलीत ‘हेक्स बोल्ट एम-१०x४०’ असेल, तर एका मोकळ्या जागेमुळे कनेक्टर अडतो. किंवा, जास्त वाईट, नवी वस्तू तयार करून मोकळा होतो. महिन्याभरात एकाच बोल्टच्या तीन नोंदी आणि तिघींचा स्टॉक चुकीचा.

उपाय: प्रत्येक वस्तूला छोटा कोड द्या, टॅलीत तो एलियास (दुसरं नाव) म्हणून टाका, वेबसाइटवर एसकेयूच्या (वस्तूच्या कोडच्या) रकान्यात तोच टाका, आणि जुळणी कोडवरून होईल असा कनेक्टर निवडा. ‘सापडलं नाही तर नवीन तयार कर’ असा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. तो बंद ठेवा. न सापडलेली वस्तू अडून राहिली की माणूस बघतो, नवी तयार झाली की कुणीच बघत नाही.

मग मापं. आमच्या धंद्यात बोल्ट किलोवर विकत येतो, पार्टी नगात मागते आणि गोडाऊनमध्ये पेट्या असतात. टॅलीत मूळ एकक आणि पर्यायी एकक दोन्ही ठेवता येतात, तसे ठेवा. वेबसाइटवर मात्र वस्तूगणिक एकच एकक दाखवा. किलो असेल तर किलो, आणि बाजूला वर्णनात ‘साधारण इतके नग’. पार्टीने ‘१००’ लिहिलं आणि तिला नग म्हणायचे होते, वेबसाइटला किलो वाटले, ही आमच्याकडची सर्वांत महाग चूक ठरू शकली असती. काट्यावरच्या मुलाने ती पकडली.

एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या वर्गाचा क्रमांक, तपासून घ्या. व्यापाऱ्याला विकताना उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर बिलावर चार अंक पुरतात, त्यापुढे सहा लागतात. नट-बोल्ट-स्क्रू ७३१८ खाली येतात. पार्ट्यांचे जीएसटी क्रमांकही एकदा चाळा. पंधरा अक्षरांतले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, गोव्याचे ३०, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पार्टीचा पॅन. बेळगावच्या पार्टीपुढे २७ दिसलं तर तिची महाराष्ट्रात वेगळी नोंदणी आहे की टाइप करताना चुकलं, हे आजच विचारा.

चौथी पायरी: निवड

रस्ते तीन आहेत. टॅली ठेवून वेबसाइट आणि कनेक्टर लावायचा. किंवा झोहोसारख्या ठिकाणी जायचं, जिथे हिशेब, स्टॉक आणि पार्टीचं पोर्टल एकाच कंपनीचं असल्याने जोडणी आधीच झालेली असते. किंवा ईआरपीनेक्स्ट, ओडू यांसारखं सगळं पोटात घेणारं सॉफ्टवेअर घ्यायचं. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आणि मुक्त स्रोताचं आहे. भारतातल्या जीएसटीसाठी त्यावर ‘इंडिया कम्प्लायन्स’ नावाचं तयार ॲप चढवता येतं, आणि ई-इनव्हॉइस, ई-वे बिल तिथूनच होतं.

माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या अकाउंटंटचा हात टॅलीवर बसलेला असेल आणि सीए टॅलीचीच फाइल मागत असेल, तर टॅली काढू नका. दोन बदल एकाच वेळी केले की बिघाड कशाने झाला ते कळत नाही. नव्याने धंदा उभा करणाऱ्याने, किंवा ज्याला कच्चा माल, उत्पादन, जॉबवर्क (बाहेरून करून घेतलेलं काम) सगळं धरायचं आहे त्याने, तिसऱ्या रस्त्याचा जरूर विचार करावा.

कनेक्टर विकणाऱ्याशी बोलताना त्याच्या नमुन्याच्या डेटावर डेमो बघू नका. स्वतःच्या तीन अवघड ऑर्डर घेऊन जा. एक, ज्यात अर्धाच माल आज जाणार आहे. दुसरी, जी पार्टीने पाठवल्यावर बदलली. तिसरी, ज्यातला काही माल परत आला आणि क्रेडिट नोट करायची आहे. या तिन्ही समोर करून दाखवा म्हणायचं. नंतर विचारायचं: टॅलीचं नवं रिलीज आलं की कनेक्टर किती दिवसांत जुळवून देता? अडलेली ऑर्डर मला कुठे दिसेल? पैसे वर्षाला की ऑर्डरमागे? सोडून जायचं ठरवलं तर माझ्या ऑर्डरी एक्सेलमध्ये मिळतील का? आणि खर्च मांडताना टॅलीच्या टीएसएस या वर्गणीचं नूतनीकरण विसरू नका. नवी रिलीज त्यावरच मिळतात.

पाचवी पायरी: नकलेवर चालवा

टॅलीचा बॅकअप घ्या, तो वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि त्या कंपनीच्या नावापुढे ‘चाचणी’ लिहा. पहिले दोन आठवडे कनेक्टर फक्त तिच्याशी जोडलेला. घरच्या दोन-तीन भरवशाच्या पार्ट्यांना लॉगिन देऊन खऱ्यासारख्या ऑर्डर टाकायला लावा.

ई-इनव्हॉइसच्या बाबतीत चाचणीलाही जपा. खऱ्या सरकारी पोर्टलवर एकदा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) निघाला की ते बिल सरकारदरबारी नोंदलं गेलं. रद्द करायला २४ तास मिळतात आणि रद्द केलेल्या बिलाचा नंबर पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे चाचणी कंपनीत खऱ्या पोर्टलचं युजरनेम-पासवर्ड भरूच नका.

चाचणीत पैशांचा ताळा करा. वेबसाइट कर ओळीओळीवर काढते, टॅलीत एकूण रकमेवर निघतो, आणि काही पैशांचा फरक पडतो. तो फरक कनेक्टरने ‘राउंड ऑफ’च्या लेजरला टाकला पाहिजे. नाही तर पार्टीच्या खात्यात बारा-बारा पैशांच्या बाक्या साचत जातात.

ऑर्डर टॅलीत कशी उतरावी

थेट बिल म्हणून नको. सेल्स ऑर्डर म्हणून उतरवा.

पाच किलो मागवलेला बोल्ट काट्यावर ५.०४० भरतो. एखादं माप संपलेलं असतं. म्हणून क्रम असा: ऑर्डर टॅलीत सेल्स ऑर्डर होते, तिची छापील प्रत गोडाऊनला जाते, माल निघतो, वजन होतं, मग अकाउंटंट ती ऑर्डर उघडून खरा आकडा टाकून बिल करतो. सगळं आधीच भरलेलं असल्याने बदलायचा असतो तो फक्त वजनाचा रकाना.

वेबसाइटचा ऑर्डर नंबर टॅलीच्या ऑर्डर नंबराच्या रकान्यात जाऊ द्या, आणि तोच नंबर पुन्हा आला तर कनेक्टरने नाकारला पाहिजे. नेट मध्येच तुटतं, कनेक्टर पुन्हा प्रयत्न करतो आणि एकच ऑर्डर दोनदा पडते. असा दुहेरी माल निघालेला मी पाहिला आहे.

स्टॉक वेबसाइटला जाताना गोडाऊनमधला सगळा जाऊ नये. आलेल्या पण अजून न निघालेल्या ऑर्डरींचा माल वजा करून उरेल तो जावा. आकडा दाखवायचा नसेल तर ‘आहे’, ‘थोडा आहे’, ‘दोन दिवसांत’ असे तीन शब्दही पुरतात. आम्ही तेच ठेवलं आहे. शेजारच्या दुकानदाराला आपला स्टॉक कळायचं कारण नाही.

कर, ई-इनव्हॉइस, ई-वे बिल

नवीन माणूस इथे घाबरतो, पण टॅलीत बिल बरोबर असेल तर पुढचं जवळजवळ आपोआप होतं. एक सापळा मात्र वेबसाइटच्या बाजूला आहे. वूकॉमर्स, सेटिंग बदललं नसेल तर, कर मोजतं ते माल जिथे पोचवायचा त्या पत्त्यावरून. आता बेळगावची पार्टी म्हणते, बिल माझ्या नावे करा आणि माल शिरोलीतल्या माझ्या जॉबवर्करकडे टाका. माल कोल्हापुरातून कोल्हापुरातच जातो, म्हणून वेबसाइट सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या विक्रीचा कर, लावते. कायद्याने मात्र इथे पुरवठ्याचं ठिकाण बिल ज्याच्या नावे त्या पार्टीचं धरलं जातं, म्हणजे कर्नाटक, आणि परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी लागतो. त्यामुळे कर वेबसाइटवर ‘अंदाजे’ म्हणून दाखवा आणि पक्का कर टॅलीलाच काढू द्या.

२०१७-१८ पासून कोणत्याही वर्षी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांमधल्या बिलांना ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. उलाढाल १० कोटी किंवा जास्त असेल, तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेनंतर ३० दिवसांत ते पोर्टलवर गेलंच पाहिजे. ते राहिलं तर पार्टीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकतं आणि तिचा फोन तुम्हालाच येतो.

ई-वे बिलाची मर्यादा परराज्यात माल जाताना ५० हजार रुपये, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. ई-इनव्हॉइस काढतानाच गाडी नंबर हाताशी असेल तर दोन्ही एकदम निघतात. गाडी नंबर बहुधा शेवटच्या क्षणी कळतो, म्हणून तो गोडाऊनवाल्याने कुठे टाकायचा हे ठरवून ठेवा.

पैसे जमा करणं

घाऊकात कार्डाने पैसे येणं विरळाच, आणि पेमेंट गेटवेची टक्केवारी आपल्या पातळ मार्जिनला परवडत नाही. पैसे येतात एनईएफटी, आरटीजीएसने. ते कुणाचे, हे ओळखण्यात अकाउंटंटची सकाळ जाते, कारण स्टेटमेंटवर फर्मच्या नावाऐवजी मालकाच्या भावाचं नाव असतं.

यावर चांगला उपाय आहे व्हर्च्युअल खात्याचा. तुमची बँक किंवा पेमेंट कंपनी प्रत्येक पार्टीसाठी वेगळा खाते क्रमांक देते. पैसे शेवटी तुमच्याच चालू खात्यात येतात, पण क्रमांकावरून पार्टी लगेच ओळखली जाते आणि कनेक्टर टॅलीत पावती टाकतो. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, त्यामुळे रात्री पैसे भरून पहाटे माल उचलणारी पार्टीही अडत नाही. प्रत्येक बिलाच्या तळाशी त्या पार्टीचा क्रमांक छापा. पावती कोणत्या बिलापोटी, हे मात्र आम्ही अजून माणसालाच लावू देतो. पार्टी दोन बिलांचे पैसे एकदम भरते, मध्ये एक डेबिट नोट वजा करते. तो हिशेब यंत्राला कळत नाही, दहा वर्षं ते खातं सांभाळणाऱ्याला कळतो.

उधारीची मर्यादा ओलांडली तर वेबसाइटने ऑर्डर नाकारू नये, ‘मंजुरीसाठी थांबली’ म्हणावं. वीस वर्षांच्या पार्टीला यंत्राने ‘नाही’ म्हटलेलं तिला लागतं. मालक फोन करील, बोलेल, ठरवील.

व्हॉट्सॲप

पार्टी व्हॉट्सॲपवर आहे, तर निरोप तिथेच जाऊ द्या: ऑर्डर मिळाली, बिल झालं, बिल्टीचा नंबर अमुक. त्यासाठी व्हॉट्सॲपची व्यावसायिक जोडणी लागते, फोनवरचं मोफत बिझनेस ॲप पुरत नाही. पार्टीच्या शेवटच्या मेसेजला २४ तास उलटले की फक्त आधी मंजूर करून घेतलेला मजकूरच पाठवता येतो, आणि अशा निरोपाला पैसे पडतात. तीन निरोप ठेवा. रोज सुप्रभात आणि स्कीम पाठवू लागलात तर पार्टी नंबर ब्लॉक करते, आणि बिल्टीचा निरोपही पोचत नाही.

चालू झाल्यावर

रोज सकाळी दहा मिनिटं एका माणसाच्या नावावर लावा. कालच्या वेबसाइटवरच्या ऑर्डर किती आणि टॅलीत उतरलेल्या किती, दोन आकडे वहीत. जुळले नाहीत तर अडलेल्यांची यादी उघडायची. हे कनेक्टरवर सोडू नका, कारण काही बिघाड गुपचूप होतात. वूकॉमर्समधला वेबहुक, म्हणजे ऑर्डर पडली की कनेक्टरला आपोआप जाणारा निरोप, सलग पाच वेळा पोचवता आला नाही की स्वतःच बंद पडतो. कनेक्टरवाल्याचा सर्व्हर शनिवार-रविवार बंद राहिला आणि सोमवारी चालू झाला, तरी ऑर्डर उतरत नाहीत, आणि स्क्रीनवर कुठेही लाल दिसत नाही.

कनेक्टरसाठी टॅलीत वेगळा युजर करा, अकाउंटंटचा पासवर्ड देऊ नका. कोणती नोंद यंत्राने केली आणि कोणती माणसाने, हे मग वेगळं दिसतं. एपीआयच्या चाव्या (सॉफ्टवेअर एकमेकांना ओळखतात ते गुप्त कोड) व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका, आणि वेबसाइट सांभाळणारा माणूस बदलला की त्याच दिवशी त्या बदला. ३१ मार्चच्या आधी कनेक्टरवाल्याला फोन करून ठेवा: एक एप्रिलला बिलांची नवी मालिका सुरू होते, कंपनी विभागली असेल तर नाव बदलतं, आणि कनेक्टर जुन्या कंपनीत ऑर्डर टाकत बसतो.

राहिल्या त्या पार्ट्या, ज्या कधीच लॉगिन करणार नाहीत. आमच्याकडे गोकुळ शिरगावचे एक काका आहेत, ते आजही फोनच करतात आणि करत राहोत. त्यांचा फोन आला की काउंटरवरचा मुलगा पोर्टलवर त्यांच्या खात्यातून ऑर्डर टाकतो, बोलता बोलताच. बऱ्याच वेळा जुनी ऑर्डर उघडून ‘मागच्यासारखंच ना काका?’ एवढंच विचारावं लागतं. वहीत काही उतरत नाही, चिठ्ठी होत नाही, आणि फोन ठेवायच्या आत गोडाऊनच्या प्रिंटरवर काकांची ऑर्डर छापायला लागलेली असते.